मामांचा धुरा आणि १३ लाख हेक्टर

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय जमिनी बळकावण्याबद्दल. एखाददुसरा प्लॉट नव्हे, एका सहीत लाखो हेक्टर.

पण आधी मामांची गोष्ट. नागपूरजवळ उमरेड रोडच्या आत मामांचं चार एकर वावर, संत्र्याची बाग. मृग बहाराचं संत्रं आंबिया बहाराच्या संत्र्यापेक्षा गोड, यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे. असो. शेजारची वावरं एकेक करून ले-आउटवाल्यानं घेतली. मामा विकेनात. त्याचा दलाल रोज धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गाडी लावायचा, भाव वाढवायचा. मामांचं एकच, "नाल्याचं पाणी कुठं जाईन, थे सांग न बे पह्यले!"

ले-आउटच्या नकाशात नालाच नव्हता. उन्हाळ्यात टिप्परनं मुरूम आणून नाला बुजवला, वर चुन्याच्या रेघा मारल्या. पहिल्याच झडीत शिवाराचं पाणी बागेत शिरलं. संत्र्याच्या बुडाशी पाणी साचून राहिलं की काय होतं, तुम्हाला सांगायला नको. डिंक्या लागला. खोडातून मधासारखा डिंक ओघळायचा; मामी पदरानं पुसायची. दोन वर्षांत बागेचं सरपण झालं. सातबारा मात्र आजही मामांच्याच नावावर.

आता हेच जगाच्या मापानं बघा. २००७-०८ मध्ये धान्याचे भाव भडकले. धान्य विकत आणणारे देश घाबरले, गुंतवणूकदारांचा पैसाही जागा शोधत होता. दोघांची नजर आफ्रिकेवर गेली. तिथं गावं पिढ्यानपिढ्या जमीन कसतात, गुरं चारतात, पण बहुतेकांकडे सातबारासारखा कागद नाही. कागद नाही, म्हणून सरकारदरबारी जमीन 'पडीक'. २००८ साली दक्षिण कोरियाच्या देवू लॉजिस्टिक्सनं मादागास्करमध्ये मका आणि पामतेलासाठी १३ लाख हेक्टर जमिनीच्या कराराचा घाट घातला. १३ लाख! आपला अख्खा नागपूर जिल्हा १० लाखांच्या आत भरतो. लोक रस्त्यावर आले. २००९ मध्ये तिथलं सरकार कोसळलं, त्यात या कराराचाही हात होता. नव्या सरकारनं तो रद्द केला.

इतरत्र बरेच करार टिकले. जंगल, कुरण, पाणथळ सपाट होतं, मैलोन्‌मैल एकच पीक उभं राहतं, नदीचं पाणी कंपनीच्या कालव्यात वळतं, खालच्या गावाची विहीर आटते. करार जमिनीचा असतो, पाणी त्यासोबत आपोआप जातं. नाला नकाशातच नसतो.

'प्लॉट नं. ४७' लिहिलेला एक दगड दलालानं मामांच्या धुऱ्यात रोवला होता. मामीनं तो उपटून न्हाणीत नेला. त्यावर कपडे धुते. चार पुसला गेलाय, सात अजून दिसतो.