लहान आईचं शिंगरू

[दृश्य: रेवदंड्याचा किनारा, पहाटेची ओहोटी. ओल्या वाळूवर खुरांच्या दोन ओळी.]

ओहोटी लागली की रेवदंड्याची काळसर वाळू घट्ट होते. खुराचा ठसा त्यात नालेच्या खिळ्यांसकट उमटतो. आत्ताच इथून दोन जनावरं गेली आहेत. डावीकडची ओळ बघा. मागच्या पायाचा ठसा पुढच्या पायाच्या ठशावरच पडलाय. ही दुडकी, घोड्याची एक चाल. उजवीकडे मागचा पाय पुढच्याचा ठसा ओलांडून चार बोटं पुढे टेकलाय. ही रवाल.

दुडकीत समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पाय एकदम उचलले जातात, एकदम पडतात, आणि मधे क्षणभर घोडा अधांतरी असतो. बसणाऱ्याच्या कमरेला तो क्षण चांगलाच कळतो. रवालीत चार पाय चार वेळा पडतात आणि एक तरी खूर जमिनीवर असतोच, म्हणून खोगीर हलत नाही. डांबरी रस्त्यावर डोळे मिटून ऐका. दुडकीचे दोन ठोके, रवालीचे चार.

[दृश्य: नारळी-पोफळीच्या वाडीतली अरुंद वाट. मामा घोडीला खरारा करताहेत.]

उजवीकडची ओळ या घोडीची. खांद्यापाशी उंची ५९ इंच. तिचे मालक, ज्यांना आम्ही मामाच म्हणतो, दहा-बारा वर्षं एकच गोष्ट मनात धरून आहेत. ही चाल तशीच ठेवायची आणि उंची ५० इंचांवर आणायची.

हा हट्ट कशासाठी, ते अष्टागरात दोन दिवस काढले की कळतं. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा, सगळीकडे वाड्यांमधल्या वाटा हातभर रुंद, वर झावळ्या, खाली जांभ्याच्या पायऱ्या. आणि वैरण! इथे ज्वारी होत नाही, कडबा घाटावरून विकत आणायचा. घरचा असतो तो भाताचा पेंढा, त्यावर घोडं पोसत नाही. घोड्याला दिवसाला वजनाच्या साधारण २ टक्के कोरडी वैरण लागते. ४०० किलोच्या घोड्याला ८ किलो, २५० किलोच्या तट्टाला ५. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर पर्यटक नसतो, तेव्हा हा ३ किलोंचा फरक कुटुंबाला जाणवतो.

तिसरं कारण मामा सांगतात. "पोराला घोड्यावर चढवताना त्याचे डोळे बघा. उंच घोडा असला की ते रडतं. तट्टू असलं की स्वतः हात घालतं."

[दृश्य: चौलच्या जुन्या बंदराकडचा परिसर.]

या किनाऱ्याला घोडे नवे नाहीत. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा गलबतात घालून याच चौलला उतरला. घोडा घेऊन तो जुन्नरला पोहोचला, तर तिथल्या खानाने तो काढून घेतला आणि मोठ्या मिनतवारीनंतर परत दिला. चौल-दाभोळला असे किती अरबी, इराणी घोडे उतरले आणि घाट चढून गेले. देशावरच्या लहानखुऱ्या तट्टांशी त्यांचं रक्त मिसळलं आणि भीमथडीचं तट्टू तयार झालं, असं मानतात. यमुनेचं पाणी प्यायलेलं ते हेच. आज ते धनगरांचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालतं. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसकट तांडे, घाट उतरतात, कापलेल्या भातखाचरांत मेंढ्या बसवतात, आणि कडेला ही तट्टं चरताना दिसतात. अलीकडेच त्यांची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद झाली, याचा मला मनापासून आनंद आहे.

मामांनी वळू म्हणून निवडलं ते असंच एक तट्टू. ५२ इंचांचं, छाती रुंद, खूर काळे आणि टणक. चाल मात्र दुडकी.

[दृश्य: काळा-पांढरा आलेख. मोठी घोडी, लहान घोडी, दोन शिंगरं.]

इथे गणित सुरू होतं. लोकांना वाटतं, मोठी घोडी आणि लहान घोडा, शिंगरू मधलं येणार. १९३८ साली केंब्रिजमध्ये वॉल्टन आणि हॅमंड या दोघांनी याचा छडा लावला. शायर जातीचा अवाढव्य घोडा आणि शेटलँड जातीचं चिमुकलं तट्टू, असा संकर त्यांनी दोन्ही बाजूंनी केला. एकदा आई शायर, एकदा आई शेटलँड. शिंगरांचं रक्त दोन्हीकडे निम्मं-निम्मंच. तरी शायर आईच्या पोटचं शिंगरू जन्मतः शेटलँड आईच्या शिंगरापेक्षा जवळपास तिप्पट वजनाचं होतं, आणि पुढे वाढीतही फरक राहिला. पोटात जागा किती, हे आई ठरवते. नुसता लहान वळू आणून काम होत नाही, लहान आई लागते. आणि लहान आई आधी जन्मावी लागते, वाढावी लागते.

चालीचं उलट आहे. उंची अनेक जनुकांनी ठरते, तर चालीत एकाच जनुकाचा वाटा फार मोठा असतो. २०१२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी डीएमआरटी३ नावाच्या जनुकातला, रवालीसारख्या चालीमागचा बदल दाखवून दिला. आइसलँडच्या घोड्यांत तो सर्रास आढळतो, आणि तेही ५२ ते ५६ इंचांचेच, म्हणजे तट्टाच्या उंचीचे. बदल आईबापांकडून दोन्ही बाजूंनी आला, तर चाल पक्की. एकाच बाजूने आला, तर भरवसा कमी. असल्या एकेरी भावंडांचा आपसात संकर केला, तर सरासरी चारात एकच शिंगरू पक्कं निघणार. शिवाय घोडी अकरा महिन्यांनी एकच शिंगरू देते, आणि ते तीन-चार वर्षांचं झाल्याशिवाय त्याचा वंश वाढवायचा नसतो.

चारात एक म्हटलं की माणसाला घाई सुटते. मग तो सख्खीच भावंडं जुळवतो, सगळ्यांत खुजं तेच निवडतो. मिनिएचर घोड्यांत एकॅन जनुकाच्या दोषामुळे येणारा बुटकेपणा असाच पसरला. डोकं मोठं, पाय वाकडे, दात एकमेकांवर न बसणारे. ते लहान घोडं नव्हे, आजारी घोडं. उंची कमी करताना अंगाची प्रमाणं तीच राहायला हवीत.

[दृश्य: तबेला. दोन शिंगरं, आता वाढलेली.]

मामांच्या घोडीला या वळूपासून दोन शिंगरं झाली. दोन्ही वेळा घोडी फाल्गुनात वळूला लावली, म्हणून शिंगरं माघात आली. कोरडी जमीन, माश्या कमी, पावसाआधी चार महिने अंग धरायला. हाच बेत आषाढात केला असता, तर नाळ ओली असताना शिंगरू चिखलात उभं राहिलं असतं.

पहिला नर. ५४ इंच, देखणा, पंचकल्याणी. गावातले दोघे-तिघे त्याला वळू म्हणून मागत होते. पण तो दुडकीच धावतो. मामांनी त्याला खच्ची केला. मला त्या निर्णयाचं फार कौतुक वाटतं. कारण असा देखणा घोडा वळू ठेवला, तर दहा वर्षांची मेहनत दोन हंगामांत पातळ होते. आता तो किनाऱ्यावर शाळकरी मुलांना फिरवतो. मुलांनाच. २५० किलोच्या तट्टावर खोगिरासकट ५० किलोंच्या वर ओझं नको, ही मामांची रेघ. नव्वद किलोचा पाहुणा दुप्पट पैसे देतो म्हणाला, तरी ती हलत नाही. लहान घोडा तयार करायचा आणि त्याच्यावर मोठा माणूस बसवायचा, तर या सगळ्या खटाटोपाला अर्थ काय?

दुसरी मादी, शेवंती. तीन वर्षांची, ५३ इंच. सावकाश सोडली तर रवाल धरते, हाकलली की दुडकीत जाते. चाल एकाच बाजूने आली असावी. पण हीच ती लहान आई. आता तिच्यासाठी लहान आणि पक्का रवाल, असा परक्या रक्ताचा वळू हवाय. दत्तजयंतीच्या सुमाराला मामा तापीकाठी सारंगखेड्याच्या बाजारात जाऊन येतात. पट्टी खिशात असते. उंची मोजतात, दात बघतात, मग मालकाला म्हणतात, घोडा डांबरी रस्त्यावर घ्या. आणि पाठ फिरवून उभे राहतात, ऐकायला.

[दृश्य: पुन्हा किनारा. मामा शेवंतीला दोरावर चालवतात.]

यंदा मनासारखा मिळाला नाही. एक होता, ५१ इंचांचा, चाल सुरेख, पण मागचे गुडघे आत वळलेले. स्वस्त देत होते.

"मग या फाल्गुनात?" मी विचारलं.

मामा वाकून वाळूवरचे शेवंतीचे ठसे बघत होते. पहिली आठ पावलं रवाल, मग दुडकी.

"नाही," ते म्हणाले. "अजून वय आहे तिचं. पुढच्या फाल्गुनात बघू."