जुना कागद वाचताना

श्रोतेहो, नमस्कार. पेशवाईतली माणसं काय खात होती, कुणाला किती रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, मिळे, हे जाणून घ्यायचं तर लढायांची वर्णनं बाजूला ठेवून पत्रं, हिशेब, प्रवासवर्णनं वाचायला घ्यावीत. पुण्यात त्यांची वाण नाही. पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे रियासतकार सरदेसाईंनी संपादलेले ४५ खंडच पाहा; सारं छापील आहे, मोडी यायलाच हवी असं नाही.

पहिली ठेच लागते ती तारखेशी. शकात ७८ मिळवले की इसवी सन, एवढंच आपण धरून चालतो. पण शक बदलतो पाडव्याला. त्यामुळे जानेवारी लागल्यापासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. पानिपतची लढाई शके १६८२, पौष शुद्ध अष्टमीची. ७८ मिळवाल तर १७६० येईल, आणि लढाई तर झाली १४ जानेवारी १७६१ ला! जुन्या मराठी कागदांत येणारी दुसरी कालगणना म्हणजे सुहूर सन; तो बदलतो जूनच्या सुरुवातीला, मृग नक्षत्र लागताना. त्यात डिसेंबरअखेर ५९९ आणि पुढे मृगापर्यंत ६०० मिळवायचे. तो लिहितातही अरबी शब्दांत, एकं आधी धरून: 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. झाले ११६१, पानिपतचंच साल.

मग आवृत्ती. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' म्हणजे १८५७ च्या धामधुमीत सापडलेल्या एका भिक्षुकाची हकीकत. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी ती छापली, पण मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ ची. गोडसे भटजींचं स्वतःचं बोलणं ऐकायचं असेल तर हीच घ्या. कुठलंही जुनं पुस्तक उघडलं की आधी संपादकाची प्रस्तावना वाचावी, ती याचसाठी.

भावांचं म्हणाल, तर शेर-पायली गावोगाव वेगळी, रुपयेही अंकुशी, चांदवडी असे नाना परींचे, आणि त्यांवर बट्टा, म्हणजे बदलताना होणारी कपात. आजच्या रुपयांत हिशेब मांडू नका, तो फसतोच. त्याच गावातला, त्याच सालचा रोज शोधा आणि त्यात किती ज्वारी येई ते पाहा. सुतार-लोहारांना मात्र गावकीच्या कामाचा मोबदला धान्यातच, बलुतं म्हणून मिळे. त्यांच्या घरची चूल या भावांवरून कळायची नाही. त्यासाठी त्रिंबक नारायण आत्र्यांचा १९१५ सालचा 'गाव-गाडा' शेजारी ठेवा.