बोटांचा हिशेब

[दृश्य : भोसरी औद्योगिक वसाहतीतील एक गाळा, चालू पॉवर प्रेस]

पत्र्याची पट्टी डायखाली, म्हणजे साच्याखाली, सरकवायची, पायाने पेडल दाबायचे, रॅम, म्हणजे यंत्राचा वरचा जड भाग, खाली आपटून वर गेला की तयार तुकडा हाताने बाजूला काढायचा आणि पट्टी पुढे सरकवायची, हे काम या गाळ्यात पाळी संपेपर्यंत अखंड चालते. रॅम खाली येताना हात आत राहू नये म्हणून प्रेसला संरक्षक जाळी किंवा प्रकाशकिरणांवर चालणारा सेन्सर बसवता येतो. या यंत्राला दोन्हीही नाहीत.

[दृश्य : कामगाराचा उजवा हात, जवळून]

या हाताची तर्जनी आणि मधले बोट अशाच एका प्रेसमध्ये गेले. या बोटांची किंमत कायद्याने आधीच ठरवून ठेवलेली आहे. 1923 साली झालेला आणि 1 जुलै 1924 पासून अमलात आलेला कामगार नुकसानभरपाई कायदा पुढे 2010 पासून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. हा अपघात मात्र त्यापूर्वीचा असल्याने त्याला जुनाच कायदा लागू होतो. त्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात अंगठा गेल्यास 30 टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास 50 टक्के आणि दोन बोटे गेल्यास 20 टक्के कमाईची क्षमता गेली असे धरले आहे.

[दृश्य : कागदावर आकडेमोड]

हिशेब असा होतो. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास मासिक वेतनाच्या 60 टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. जानेवारी 2020 पासून हिशेबात जास्तीत जास्त 15,000 रुपये वेतन धरले जाऊ लागले, मग प्रत्यक्ष पगार कितीही असो. 15,000 चे 60 टक्के म्हणजे 9,000 रुपये आणि वयाची 30 वर्षे पूर्ण केलेल्या कामगाराचा गुणक 207.98, गुणाकार येतो 18,71,820 रुपये. त्याचे 20 टक्के, म्हणजे 3,74,364 रुपये, ही दोन बोटांची भरपाई. मृत्यू झाल्यास 60 ऐवजी 50 टक्के धरतात, आणि ती रक्कम मालकाला वारसांच्या हातात परस्पर देता येत नाही, ती आयुक्तांकडे, म्हणजे भरपाईचे दावे निकाली काढणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडेच, जमा करावी लागते. घरी येऊन कोऱ्या कागदावर अंगठा घेण्याचा मार्ग कायद्याने अशा रीतीने बंद केला, हे त्याचे मोठे काम मानले पाहिजे.

परिशिष्टातील टक्केवारी ही अखेरची मर्यादा नव्हे. सत्तरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयासमोर एका सुताराचा खटला आला होता, ज्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता पूर्णपणे गेली, असे मानून त्याला 100 टक्के भरपाई देण्यात आली. शिवाय रक्कम देणे लागते ते निकालाच्या नव्हे, तर अपघाताच्या दिवसापासून, हेही त्याच निकालाने स्पष्ट झाले.

[दृश्य : विमा पॉलिसीची पाने]

भरपाईची जबाबदारी मालकाची असते. विमा ही मालकाने ती जबाबदारी पेलण्यासाठी स्वतःच्या खर्चाने केलेली सोय आहे आणि 1923 च्या कायद्याने ती सक्तीची केलेली नव्हती. हप्ता दोन गोष्टींवर ठरतो, कामाचे स्वरूप आणि वर्षभरात द्यावयाचे एकूण वेतन. प्रेसवरच्या माणसाचा दर कार्यालयातल्या कारकुनापेक्षा जास्त असतो, म्हणून काही मालक अर्जात कामगार कमी दाखवतात, वेतन कमी दाखवतात किंवा प्रेस ऑपरेटरला हेल्पर म्हणून नोंदवतात. हप्त्यात वाचलेले हे पैसे अपघातानंतर मालकाच्याच अंगावर येतात, कारण विमा कंपनी जाहीर न केलेल्या माणसाचे पैसे नाकारते आणि आयुक्त मालकाला सोडत नाहीत. ठेकेदाराची माणसे पॉलिसीत वेगळी नोंदवावी लागतात. ती नोंदवली नसली तरी मूळ मालकाला कायद्याने भरपाई द्यावीच लागते, पुढे ती ठेकेदाराकडून वसूल करणे हा त्याचा प्रश्न. महिनाभरात पैसे न दिल्यास 12 टक्के व्याज आणि रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड लागू शकतो, आणि हा दंड सहसा विम्यातून मिळत नाही.

[दृश्य : हजेरीचे मस्टर]

कामगाराच्या बाजूने सगळे या वहीवर येऊन ठरते. अपघात कामावर आणि कामामुळे झाला, हे त्याला दाखवावे लागते, आणि मस्टरवर नावच नसेल तर तो तेथे कामाला होता इथपासून सिद्ध करण्याची सुरुवात होते. दारू पिऊन किंवा सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढून टाकल्यामुळे अपघात झाला, असा बचाव मालकाला घेता येतो. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर मात्र तो चालत नाही. ज्या प्रेसला जाळीच नाही, तेथे ती काढली कोणी, हा प्रश्न उरतोच. भरपाईचा हक्क सोडल्याच्या करारावर कामगाराने सही केली असली, तरी कायद्याच्या दृष्टीने तो करार रद्दच ठरतो. 2017 च्या दुरुस्तीनंतर हा हक्क कामावर घेतानाच कामगाराला, त्याला समजेल अशा भाषेत, कळवणे मालकावर बंधनकारक झाले.

[दृश्य : कारखान्याचे फाटक, पाळी सुटताना]

10 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांचा मार्ग वेगळा, राज्य कामगार विमा योजनेचा आहे. तेथे मालक वेतनाच्या 3.25 टक्के आणि कामगार 0.75 टक्के भरतो, आणि अपंगत्वाचे पैसे एकरकमी नव्हे, तर बुडालेल्या कमाईच्या प्रमाणात नियमित मिळत राहतात. ज्याला हे संरक्षण आहे त्याला मालकाकडे वेगळा दावा करता येत नाही. आपण पाहिलेल्या गाळ्यात 10 पेक्षा कमी माणसे आहेत, त्यामुळे तेथील कामगाराला मालकाकडेच दावा करावा लागला.

बोटे गेलेला हा कामगार पुन्हा प्रेसवर बसलेला नाही. तो आता माल भरण्याचे काम करतो.

नव्या संहितेत भरपाईच्या हिशेबाची हीच पद्धत राहिली असून एक भर पडली आहे. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी परतताना झालेला अपघात, त्याची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दाखवता आल्यास, आता कामावरचाच अपघात मानला जातो.