सातारच्या नावाचा उंदीर

मंडळी, आपल्या जिल्ह्याचं नाव लाभलेला एक प्राणी सह्याद्रीत राहतो. रॅटस सातारी. मार्टिन हिंटन या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९१८ साली त्याचं हे नाव ठेवलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी तेव्हा देशभर चालू होती. पुढे मात्र कित्येक वर्षं हा घरातल्या काळ्या उंदराचाच एक प्रकार समजला गेला. २०११ मध्ये दक्षिण भारतात एकाच परिसरात राहणाऱ्या या दोन उंदरांची शरीरं, गुणसूत्रं आणि जनुकं ताडून पाहिली गेली, तेव्हा कुठे त्याचं वेगळेपण पक्कं झालं. पश्चिम घाटाबाहेर तो सापडत नाही.

कोयनेच्या रानात आम्ही वनखात्याच्या परवानगीने पिंजरे लावायचो. संध्याकाळी शेंगदाणे, खोबऱ्याचा तुकडा, थंडी असेल तर कापसाचा बोळा. पहाटे फेरी. पहिल्या हंगामात सगळे पिंजरे जमिनीवर होते. छोटे रानउंदीर मिळाले, चिचुंद्र्या मिळाल्या, आणि हा मिळाला नाही. आम्ही वहीत ‘आढळला नाही’ असं लिहून मोकळे झालो. चूक आमची होती. हा झाडावरचा प्राणी, त्याला खाली शोधून कसा सापडेल? पुढच्या खेपेला अंजनी आणि जांभळाच्या फांद्यांना पिंजरे बांधले.

चिचुंदरीबद्दल इथे सांगायलाच हवं. तिला आपण उंदराच्या माळेत ओवतो, पण ती उंदीर नव्हे. किडे खाणारी, सतत भूक लागणारी. काही तास पोटात अन्न गेलं नाही तर ती मरते. एका सकाळी पावसामुळे माझी फेरी लांबली. पिंजऱ्यात चिचुंदरी होती, गार पडलेली. ते अजून विसरलेलो नाही. त्यानंतर मध्यरात्रीचीही फेरी आम्ही कधी चुकवली नाही.

कोयना अभयारण्य १९८५ चं, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० चा. वाघासाठी राखलेल्या या रानात या लहानग्यांनाही आसरा मिळाला, याचं मला मनापासून समाधान आहे. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने उंदरांना कावळ्यांच्या आणि फळं खाणाऱ्या वटवाघळांच्या बरोबरीने ‘उपद्रवी’ यादीत बसवलं होतं. पोत्यातलं धान्य फस्त करणारा आणि जंगलाच्या माथ्यावर राहणारा, दोघांना एकच शब्द. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादी गेली.

फांदीवरच्या पिंजऱ्यात अखेर तो आला. कापडी पिशवीत घेऊन वजन केलं, कान मोजला, मागचं पाऊल मोजलं. पोट पांढरं, पाठ तपकिरी, शेपूट अंगापेक्षा लांब. हाताला त्याच्या छातीची धडधड लागत होती. मग पिशवीचं तोंड अंजनीच्या बुंध्याशी धरलं. पानांच्या ढिगात दडायची सोय समोर असताना तो सरळ वर गेला, या फांदीवरून त्या फांदीवर, आणि पाचव्या झाडापर्यंत एकदाही खाली उतरला नाही.

म्हणून रस्त्याकडेची झाडं छाटणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं: जिथे दोन्ही बाजूंच्या फांद्या वर एकमेकींना भिडल्या आहेत, ती जागा तेवढी सोडा.