दहा श्वासांना एक मणी

मंडळी, एक लहानशी चौकट डोळ्यांसमोर आणा. तिच्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. वाळू उलटी करायची, बाळाच्या पोटाकडे बघत श्वास मोजायचे, दहा झाले की एक मणी सरकवायचा. वरची ओळ दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी: पाच मणी हिरवे, सहावा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं.

हे साधन गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून तिथे काम करत आहेत. गावच्या सुईणीला बाळाचं पोट उडतंय हे दिसायचंच, त्यासाठी तिला डॉक्टर नको होता. पण मिनिटाला साठ श्वास मोजणार कशी? तिची मोजणी दहा-बारापर्यंतच. आपल्यासारख्यांनी काय केलं असतं? आधी साक्षरता वर्ग काढला असता! इथे तिला येणाऱ्या दहावरच साधन बेतलं.

दुसरी अडचण उंबरठ्याची. तेव्हा बाळंतपणं बहुतेक घरीच व्हायची आणि पुढचे काही आठवडे बाळ-बाळंतीण बाहेर पडायची नाहीत. बाळाला सगळ्यात जास्त धोका नेमका याच दिवसांत. दवाखाना कितीही चांगला बांधा, बाळ तिथे पोचणारच नाही. म्हणून १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायका, म्हणजे आरोग्यदूत, घरोघरी जाऊ लागल्या. बाळाचं वजन करायचं, ते गार पडलंय का बघायचं, जन्मल्यावर रडलं नाही तर श्वास द्यायचा, जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शनसुद्धा द्यायचं. कमी शिकलेली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार, हे ऐकून आम्हा डॉक्टर मंडळींच्या कपाळावर आठ्या येतात. पण तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, इथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

आरोग्यातली विषमता म्हटली की आपण खाटा आणि डॉक्टर मोजायला बसतो. मी विचारतो, बाळंतिणीच्या खाटेपासून जाणकार माणूस किती पावलांवर आहे? पुण्यात लिफ्टने दोन मजले, आणि पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या पाड्यावर? तिथे ते अंतर कापायचं तर जाणकार माणूस पाड्यातच घडवावा लागतो.

२०११ पासून देशभरातल्या आशाताई घरोघरी जाऊन बाळ बघायचं हे काम करतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ४२ दिवसांत सहा खेपा, घरी जन्मलेल्याकडे सात. केंद्राने तेव्हा याचा मोबदला ठरवला, एका बाळामागे २५० रुपये. पगार नाही, कारण कागदोपत्री ती 'स्वयंसेविका'. सहा खेपांनी भागून बघा, एका खेपेला ४२ रुपयेही पडत नाहीत. त्यात पाड्यावर जाण्या-येण्याचं भाडं तिचं तिनेच भरायचं.