फोटोंना देवनागरी टॅग: प्रश्नचिन्हं का उमटतात?

नमस्कार मंडळी. पायथनच्या स्क्रिप्टने फोटोंना गाव आणि सणाचे टॅग लावण्याबद्दल कमेंटमध्ये एकच तक्रार सारखी येतेय: ‘चवथ’ (गोव्यातली गणेश चतुर्थी) लिहिलं, दिसतं ‘???’.

पायथन आणि एक्झिफटूल (फोटो-फाइलमधली माहिती वाचणारं आणि लिहिणारं कमांड लाइनचं साधन) इन्स्टॉल झालंय असं धरू. एक्झिफटूलकडून माहिती जेसनमध्ये (पायथनला सहज वाचता येणारं मजकुराचं स्वरूप) घ्या, सोबत ‘-एन’ लावा, म्हणजे अक्षांश-रेखांश दशांशात मिळतात. अक्षांश 15.47 ते 15.51 आणि रेखांश 73.80 ते 73.85, या चौकटीत फोटो पडला तर टॅग ‘पणजी’. फोटोची तारीख 24 जून असेल तर ‘सांजांव’ (गोव्यातला सेंट जॉनचा सण). चवथ आणि शिगमो (गोव्यातला होळीचा उत्सव) तिथीवर, म्हणून त्यांचा तक्ता दरवर्षी भरावाच लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेल्यांत जीपीएस नसतं. ते बाजूला काढा. अंदाजाने गाव चिकटवू नका, प्लीज!

आता मुख्य गोष्ट. फोटो-फाइलमध्ये टॅग ठेवायच्या दोन जागा आहेत, आयपीटीसी आणि एक्सएमपी. देवनागरी टॅग आयपीटीसी कीवर्ड्समध्ये टाकू नका, एक्सएमपीच्या सब्जेक्टमध्ये टाका. आयपीटीसी जुनं आहे. मजकूर यूटीएफ-8 (देवनागरीसह सगळ्या लिप्या साठवणारी पद्धत) आहे असं वेगळं सांगितलं नाही, तर एक्झिफटूल तिथे लॅटिन (ज्यात देवनागरी मावत नाही) धरतं, एक वॉर्निंग देतं आणि खरोखरच प्रश्नचिन्हं लिहून ठेवतं. “फॉन्ट बदला” असा सल्ला कमेंटमध्ये देणाऱ्यांनो, फाइलमध्ये अक्षरच उरलेलं नाही, फॉन्ट काय दाखवणार?

“मग यूटीएफ-8 सांगतो ना!” सांगा. पण त्या कीवर्डची मर्यादा 64 बाइट, आणि देवनागरीत प्रत्येक अक्षरचिन्ह 3 बाइट खातं. काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजायचे. ‘म्हाळसा देवस्थान जत्रोत्सव’ होतो 74 बाइट. तो ‘जत्रो’नंतर तुटतो. एक्सएमपीत यूटीएफ-8 असतंच आणि ही मर्यादा नाही.

तरीही विंडोजवर ‘???’ आलं? मग टॅग कमांड लाइनवरच बिघडतोय. सगळे पर्याय यूटीएफ-8 टेक्स्ट फाइलमध्ये लिहा, एका ओळीत एक, आणि ‘-@’ने ती फाइल द्या. हजारो फोटोंसाठी ‘स्टे-ओपन’ (एक्झिफटूल एकदाच सुरू करून चालू ठेवणारा पर्याय) वापरा. दर फोटोला एक्झिफटूल नव्याने सुरू केलं तर बराच वेळ त्यातच जातो.

टॅग जोडायला नुसतं ‘+=’ लिहिलं तर स्क्रिप्ट पुन्हा चालवल्यावर तोच टॅग दोनदा बसतो. आधी ‘-=’ने काढा, त्याच कमांडमध्ये ‘+=’ने घाला.

आणि एक्झिफटूल मूळ फोटोच्या ज्या ‘_ओरिजिनल’ नावाच्या प्रती ठेवतं, त्या लगेच उडवू नका. आधी दहा फोटोंवर चालवा, टॅग परत वाचून बघा, जुळले की मगच पूर्ण फोल्डर.