निरंक असल्यास निरंक कळवावे

श्रोतेहो, नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा द्विशिक्षकी. पहिली ते चौथी असे चार वर्ग, आणि शिकवायला आम्ही दोघं. मुख्याध्यापकाचा प्रभार माझ्याकडे आहे. प्रभार म्हणजे पगार शिक्षिकेचा आणि सह्या मुख्याध्यापकाच्या. विदर्भात अशा शाळा गावोगावी आहेत, तेव्हा माझं गाव सांगत बसत नाही. तुमच्या गावची शाळा डोळ्यांपुढे आणा.

शाळेतल्या माणसांना येणाऱ्या ताणाबद्दल आज बोलायचं आहे. हा विषय काढला की पारावरचं उत्तर ठरलेलं असतं. "मास्तरायले कायचा ताण? दिवाळीची सुटी, उन्हाळ्याची सुटी, महिन्याच्या महिन्याला पगार." ज्याच्या सोयाबीनला भाव मिळाला नाही, ज्याची पऱ्हाटी बोंडअळीनं खाल्ली, त्यानं असं म्हटलं तर मला राग येत नाही. त्याच्यापुढे आपलं दुखणं काढायला संकोचच वाटतो. पण आम्ही गप्प राहिलो, तर ते दुखणं त्याच्याच लेकराच्या वर्गात येऊन बसतं. म्हणून बोलते.

शिकवण्याचाही ताण असतो. चौथीतल्या पोराला हातच्याची वजाबाकी येत नाही, किंवा कापूस वेचणी लागली आणि आईबापामागे निम्मा वर्ग शेतात गेला, की जीव खालीवर होतो. पण तो आमच्या धंद्याचाच भाग आहे, त्याची तक्रार नाही. माणसाला आतून पोखरतो तो वेगळा ताण. केलेलं काम केल्याचं दिवसभर सिद्ध करत राहण्याचा.

पोषण आहाराचंच बघा. पहिली ते पाचवीच्या लेकराला रोज १०० ग्रॅम तांदूळ, ताटातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा नियम आहे. नियम चांगला आहे. आमच्याकडे कितीतरी पोरं सकाळी चहात बुडवलेल्या पोळीवर शाळेत येतात, ती दुपारच्या खिचडीची वाट बघत असतात. पण शिजवण्याआधी तांदूळ, डाळ मोजून साठा रजिस्टरला लिहायची. शिजल्यावर आधी आपण चव घ्यायची आणि चव रजिस्टरवर सही करायची. जेवण झाल्यावर किती जेवले ते ॲपमध्ये भरायचं. ॲपला रेंज लागते आणि आमच्या शाळेत रेंज मिळते ती हातपंपाजवळ. मी मोबाईल उंच धरून हातपंपाशी उभी असते, आणि वर्गात तिसरीचं पोर दुसरीच्या पोराची पाटी ओढत असतं.

तेवढ्यात ग्रुपवर पत्र येतं. तालुक्याच्या ग्रुपवर आलेलं पत्र केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर पडतं, तिथून आमच्या. वर लिहिलेलं असतं 'अतितात्काळ', खाली 'आज दुपारी ४ पर्यंत', आणि शेवटी 'निरंक असल्यास निरंक कळवावे'. म्हणजे शाळेत तसं काही नसलं तरी नसल्याचा अहवाल पाठवायचाच. किती मुलांच्या नावे बँकेत खातं आहे, किती मुली बसनं येतात, किती नळांना तोट्या आहेत. मागच्या महिन्यात दिलेली माहिती या महिन्यात नव्या तक्त्यात. तक्ता बदलतो, तोट्या त्याच असतात.

आणि आधार. एका मुलीचं आधार जुळेना. दाखल-खारीज रजिस्टरला नावापुढे 'कु.' लिहिलेलं, आधारवर नाव वेगळ्या स्पेलिंगनं, जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी. आधार वैध ठरलं नाही, तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, ते लेकरू धरत नाहीत. आणि संचमान्यतेत पट कमी झाला, तर शिक्षकाचं पद धोक्यात येतं. म्हणून मी तिच्या बापाला तिला घेऊन तालुक्याला पाठवलं. एकदा गेला, मशीन बंद. परत गेला, तर अंगठा उमटेना, कारण शेतात राबून पोरीचीसुद्धा बोटं घासलेली. त्याची दोन दिवसांची मजुरी बुडाली. मग तो शाळेत आला आणि एवढंच बोलला, "मॅडम, लेकरू तं थे बसलं तुमच्या समोर. थे हाय का नाही, हे मशीनला काहून इचारता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बरं, त्याच्या लेखी ते मशीन म्हणजे मीच. वरून येणारं प्रत्येक पत्र गावात माझ्या तोंडून पोहोचतं, आणि गावाची प्रत्येक चीड वर न जाता माझ्यापाशी थांबते.

आता देखरेखीबद्दल. शाळेवर कोणी लक्ष ठेवूच नये, असं मी म्हणणार नाही. अकराला येऊन तीनला जाणारे गुरुजी आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावातच, राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव घ्यायचा आणि रोज तालुक्याहून अपडाऊन करायचं, हेही गावाला माहीत असतं. तपासणी हवीच. पण तपासणाऱ्यानं वर्गात बसावं, पोराच्या हातात पुस्तक देऊन 'वाच बाळा' म्हणावं, अडलं तर आम्हाला विचारावं. होतं असं, की साहेब येतात, रजिस्टरं मागवतात, रकाना रिकामा दिसला की पोरांसमोर बोलतात आणि जातात. मग गावातलं कुणी मोबाईल काढून खिचडीचं शूटिंग करतं. पातेल्यात काय आहे हे गावानं बघावंच, तो त्यांचा हक्क आहे. पण आधी एक घास खाऊन बघावा आणि मग शूटिंग करावं, एवढंच माझं म्हणणं.

कायदा काय म्हणतो, तेही सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २७ प्रमाणे दर दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देता येत नाही. २०२४ मध्ये राज्य शासनानंही शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा निर्णय काढला. पण ऑनलाइन माहिती भरणं कुठल्या खात्यात टाकायचं? ते शाळेचंच काम आहे असं कुणी म्हणालं, तर खोडता येत नाही. आणि आमचा दिवस खातं ते नेमकं तेच काम.

त्यात १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हायचं. निकाल बरोबर की चूक, यात मी शिरत नाही. पण पंचेचाळिशी-पन्नाशीतली माझी मैत्रीण रात्री भांडी घासून झाल्यावर बालमानसशास्त्राचे प्रश्न सोडवत बसते. वीस वर्षं पोरं वाचायला शिकवलेली बाई आता 'योग्य पर्याय निवडा'ला घाबरते.

आणि आपलं ऊन! २०२५ मध्ये राज्यभर वार्षिक परीक्षांचं वेळापत्रक २५ एप्रिलपर्यंत गेलं, तेव्हा विदर्भातून विरोध झाला. पुण्या-मुंबईकडे त्याचं नवल वाटलं असेल. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे एप्रिलमध्ये टिनाच्या छपराखाली बसून बघावं. लेकरू पेपर लिहिता लिहिता बाकावर डोकं टेकवतं.

शरीर आधी बोलायला लागतं. आवाज बसतो, पित्त वाढतं, डोकं ठणकतं. रविवारी संध्याकाळी काही कारण नसताना छातीत धडधडतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आपल्या रोगांच्या वर्गीकरणात, न आवरलेल्या कामाच्या ताणातून येणाऱ्या थकव्याची नोंद केली. त्याला आजार म्हटलं नाही, नोकरीशी निगडित अवस्था म्हटलं. त्याच्या तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. मला भीती वाटते ती दुसऱ्या खुणेची. थकलेला शिक्षक झोपून उठला की पुन्हा उभा राहतो. मन तुटलेला शिक्षक मात्र रोज वेळेवर येतो, रजिस्टरं चोख ठेवतो, आणि पोरं शिकली काय न शिकली काय, त्याला काही वाटेनासं होतं. तपासणीत त्याला एकही शेरा मिळत नाही.

मग काय करायचं? व्यवस्था बदलेल तेव्हा बदलेल, संघटना त्यासाठी भांडतात, भांडू द्या. आम्ही आमच्यापुरतं जे केलं, ते सांगते.

एक जाड वही केली. मागितली जाणारी बहुतेक माहिती तीच ती असते, फक्त उलटसुलट विचारलेली. वर्गवार, जातवार, मुलंमुली, आधार, बँक खातं, दिव्यांग, खोल्या, नळ, शौचालयं, यूडायसचा, म्हणजे शाळेच्या सरकारी ओळखीचा, अकरा आकडी क्रमांक, सगळं एका जागी पेन्सिलीनं लिहून ठेवलं. बदल झाला की खोडून दुरुस्त करायचं. पूर्वी अर्धा दिवस खाणारं पत्र आता मधल्या सुटीत उरकतं.

दुसरं, फोनची पाळी. आम्ही दोघांनी वार वाटून घेतले. ज्याची पाळी, त्याचा फोन चालू. दुसऱ्याचा फोन कपाटात, आणि त्यानं निवांत शिकवायचं. केंद्रप्रमुखांना हे आधीच सांगून ठेवलं. ते म्हणाले, "माहिती वेळेत आली म्हणजे झालं, फोन कोणाचाही असो." न विचारता मनातच घाबरत बसलो असतो, तर हे कळलंच नसतं.

तिसरं मला सगळ्यांत उपयोगी पडलं. कुणी अधिकारी भेटीला आले आणि काही चूक दाखवली, की मी शेरेबुक पुढे करते आणि नम्रपणे म्हणते, "साहेब, एवढं लिहून द्या, म्हणजे दुरुस्त करता येईल." तोंडी बोलणं रात्रभर डोक्यात फिरतं, आणि दर फेरीला वाढत जातं. 'तुमच्या शाळेचं काही खरं नाही' याचं काय दुरुस्त करणार? लिहायला बसलं की तेच बोलणं तीन ओळींचं होतं: दुसरीच्या तीन मुलांना जोडाक्षरं वाचता येत नाहीत, सराव घ्यावा. सराव घेता येतो. काही साहेब तर पेन हातात घेतल्यावर एक चांगला शेराही लिहून जातात.

महिन्याच्या शिक्षण परिषदेत आमच्या केंद्रानं पहिली काही मिनिटं ठेवली आहेत, ज्याला जे अडलंय ते बोलायला. सुरुवातीला सगळे छताकडे बघायचे. मग एका सरांनी सांगितलं, की त्यांना नोटिशीच्या भीतीनं रात्री झोप लागत नाही. त्या दिवशी कळलं, अर्धा हॉल झोपत नव्हता.

ताणाबद्दल बोलताना आपण फक्त शिक्षकांचं बोलतो. आमच्या शाळेत सगळ्यांत आधी येते ती खिचडी शिजवणारी ताई. तिला मानधन महिन्याला २,५०० रुपये, तेही वर्षातले १० महिने. गॅस संपला तर चूल तिची, खिचडी लागली तर बोलणी तिला. शूटिंग करणाऱ्याच्या मोबाईलमध्ये येतो तो तिचाच हात. तिला कुणी विचारलं नाही की बाई, तुला काही ताण आहे का. मी विचारलं, तर हसली आणि म्हणाली, "पोट्ट्यायनं ताट चाटून पुसून खाल्लं का माया दिवस बरा जाते."

ज्यांची झोप गेली आहे, जेवण जात नाही, जगणं नकोसं वाटतं असे विचार येत आहेत, त्यांनी वही आणि शेरेबुकावर थांबू नये. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. केंद्र शासनानं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा आहे. चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं. समोरचा समुपदेशक तुमचं ऐकून घेतो, गरज असेल तर पुढे डॉक्टरांपर्यंत पोहोचवतो. तुमच्या साहेबांना त्यातलं काही कळवलं जात नाही. पुन्हा सांगते, १४४१६. शिक्षकांनीच नाही, ऐकणाऱ्या कुणीही लिहून ठेवावा.

आणि गावकरी मंडळींना एक विनंती. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश माणसं पालक असतात, आणि समितीत निम्म्या बाया असायला हव्यात, असा कायदाच आहे. बऱ्याच गावांत या समितीची सभा म्हणजे रजिस्टरवर घरोघरी जाऊन घेतलेल्या सह्या. पुढच्या सभेला खरंच या. शाळेचं वीजबिल कोण भरतं, ते विचारा. दोन शिक्षकांपैकी एकाला बैठकीला बोलावलं की त्या दिवशी चार वर्ग कोण सांभाळतं, ते विचारा. बारावी झालेली एखादी सून, एखादा पोरगा तेवढ्या दिवशी तास-दोन तास गोष्टी वाचून दाखवायला येईल का, ते बघा. आमच्या गावातल्या दोघी येतात. त्यातली एक इतकं रंगवून वाचते, की पोरं आता मला विचारतात, "मॅडम, तुमची मीटिंग कधी हाय?"

नमस्कार.